एका बोटाला थांबणारी जीप

वडाप हा शब्द शहरातल्या माणसाला समजावून सांगावा लागतो, म्हणून आधी तो सांगते. एसटी जिथं दिवसातून एखाद-दोन वेळा येते, आणि तीही मनात आलं तर, तिथं जी जीप माणसं भरून नेते तिला आमच्याकडे वडाप म्हणतात. तिला वेळापत्रक नसतं. भरली की सुटते. भरली म्हणजे किती, ते ड्रायव्हर ठरवतो, आणि वेल्ह्याकडचे ड्रायव्हर या बाबतीत फार मोठ्या मनाचे होते. माझे मामा त्यातलेच एक. पासलीहून वेल्हे, वेल्ह्याहून नसरापूर आणि परत, अशी त्यांची पिवळी जीप त्यांच्या उमेदीची सगळी वर्षं धावली. धंदा कायद्यात बसणारा नव्हता. पण बाळंतीण अडली की कायदा काही पासलीपर्यंत येत नसे, मामा येत.

कॉलेजला मी त्याच जीपमधून जायचे. नसरापूरला उतरायचं आणि पुढं एसटी धरायची. गाडी चालवायलाही मी तिच्यावरच शिकले, कापणी झालेल्या भातखाचरात. लग्नानंतर माझी पाठवणीही त्याच जीपमधून झाली. त्या दिवशी तरी मामांनी वाटेत प्रवासी घेतले नसतील असं कुणाला वाटत असेल, तर ते चूक आहे. विंझरजवळ एक म्हातारी उभी होती. मामांनी गाडी थांबवली आणि तिला माझ्या शेजारी बसवलं. नवरदेव आक्रसून दाराला चिकटले. म्हातारीनं माझी हनुवटी धरून मला न्याहाळलं आणि नसरापूर येईपर्यंत मला संसाराचे चार शब्द ऐकवले. माझ्या नवऱ्याला जुन्या गाड्यांचा तिटकारा आहे, त्याचं मूळ तिथं असावं.

ती म्हातारी एकटी होती, म्हणून मामांनी गाडी थांबवली. हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावरच आहे. आमच्या रस्त्यावर उभा असलेला माणूस नुसता हात करत नसे, बोटं करायचा. दोघं असले तर दोन, चौघं असले तर चार. म्हणजे गाडी लांब असतानाच ड्रायव्हरला कळायचं की किती जणांची सोय करायची आहे. जागा नसली की मामा पंजा हलवून खूण करत पुढं जायचे. ‘भरलीय’ असा त्याचा अर्थ. उभी असलेली माणसंही राग न धरता पुन्हा खाली टेकायची. पण एका बोटाला मामांनी कधी पंजा दाखवला नाही. टपावर बसवलं, पायरीवर उभं केलं, एकदा तर स्वतःच्या मांडीला मांडी लावून बसवलं आणि दाराबाहेर अर्धे लोंबकळत गाडी चालवली.

“चौघं असली तर गप्पा मारत बसत्यात,” ते म्हणायचे. “एकटं मानूस रोडला टाकून जायचं न्हाई. त्येला कुनाशी बोलायचं म्हनलं तरी कोन हाय?”

मग गावोगाव मोटारसायकली आल्या, रस्ते सुधारले आणि वडाप संपलं. जीप गोठ्याच्या कडेला पेंढ्याखाली गेली. मामांचे मुलगे पुण्यात कंपन्यांत लागले. मामांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. दाखवायला मीच त्यांना पुण्याला घेऊन गेले होते. गेली ती नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायची, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मामांनी बाहेर आल्यावर मला त्याचा अर्थ स्वतःच समजावला. “नळीतनं बगितल्यावानी दिसतंय. म्होरचं दिसतंय, बाजूचं न्हाई. ती नळी बारीक व्हत जानार, येवढंच की.” येवढंच की, असं म्हणून ते उसाचा रस प्यायला चला म्हणाले.

जीप मी मागितली ती त्याच सुमारास. मी पुण्यात शाळेत शिकवते. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागल्यावर मी जुन्या गाड्यांचं वेड असलेल्या एका मंडळात शिरले. रविवारी सकाळी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जमायचं, हात काळे करायचे, मिसळ खायची आणि नव्या गाड्यांना नावं ठेवायची. त्यात मी एकटीच बाई. मंडळाचे प्रमुख दातांचे डॉक्टर आहेत. माणूस मनाचा चांगला, पण गाडीच्या बाबतीत सोवळा. त्यांना प्रत्येक वस्तू मूळची लागते. जीपचा फोटो दाखवला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “ही कधी धंद्यात नव्हती ना? धंद्यातल्या गाडीत काही राम उरत नाही. पार पिळून काढलेली असते.”

मी म्हणाले, “छे.”

एवढाच शब्द. त्यात काही वाईट हेतू नव्हता, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खरं असं आहे की त्या घोळक्यात कुणाचे आजोबा वकील, कुणाचे वडील कारखानदार, आणि प्रत्येकाच्या गाडीला एक खानदानी गोष्ट. माझ्या गाडीची गोष्ट म्हणजे नसरापूरच्या चौकात हवालदार दिसला की मामा निम्मी माणसं आधीच उतरवून पायी पुढं पाठवायचे, ही. ती सांगायची मला लाज वाटली. मग मी म्हणाले, “मामांची शेतावरची गाडी आहे.”

एका ‘छे’नंतर किती खोटं बोलावं लागतं ते मोजायला नको. मागची पायरी मामांनी वेल्डिंग करून लांब केली होती, माणसांना उभं राहायला. डॉक्टरांनी विचारलं, “हे काय?” मी म्हणाले, “भाताची पोती चढवायला.” त्यांनी ती कापून टाकली. पिवळ्या रंगावर पॉलिश पेपर फिरायला लागला तेव्हा काचेच्या वरच्या पट्टीवर अक्षरं उमटली, पासली - वेल्हे - नसरापूर. आमचे एक सभासद म्हणाले, “वा, गावांची नावं.” मी म्हणाले, “मामांना हौस होती.” आणि स्वतःच्या हातानं घासून ती अक्षरं काढली. नसरापूर सगळ्यात शेवटी गेलं. मग जीपला लष्करी हिरवा रंग बसला. छान दिसायला लागली. मामांना मी फक्त ‘रंग दिलाय’ एवढं कळवलं.

जीप देताना मामांनी एकच गोष्ट मागितली होती. “पयल्यांदा रोडला काडशील तवा मला बशीव. नळी बंद व्हायच्या आत.”

भोरचा जुना रस्ता संस्थानाच्या काळापासूनचा. त्या रस्त्याचा यंदा थंडीत उत्सव करायचं भोरच्या काही हौशी मंडळींनी ठरवलं. मैलाचे दगड रंगवायचे, जुने फोटो मांडायचे, जुन्या गाड्या पुण्याहून ओळीनं आणायच्या. आमच्या मंडळाला बोलावणं आलं. जीपची ती पहिलीच फेरी होती. आदल्या दिवशी संध्याकाळी मामांचा फोन आला. उद्या जीप निघणार हे त्यांना त्यांच्या मुलानं सांगितलं होतं. मी त्यांना म्हणाले, “मामा, सकाळी तुमी कापूरहोळच्या फाट्यावर थांबा, भोरचा रोड फुटतो तितं. म्या घेते तुमाला.” हे मी मनापासून म्हणाले. याबद्दल कुणी शंका घेऊ नये, मी स्वतः पुष्कळ घेतली आहे.

सकाळी निघालो ते मजेत. जुन्या कात्रज घाटानं चढलो, बोगद्यातून हॉर्न वाजवत बाहेर आलो. गारठा होता. रस्त्यावरची माणसं थांबून हात करत होती, मोबाईल वर धरत होती. जीपचा आवाज अगदी पूर्वीसारखा होता, किंचित घसा बसल्यासारखा. मला फार अभिमान वाटत होता. शिवऱ्याला चहासाठी थांबलो तिथं उत्सवाचे पाहुणे आम्हांला येऊन मिळाले. हे गृहस्थ रस्त्यांच्या खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, सगळे त्यांना साहेब म्हणत होते. गाड्यांचं परीक्षण तेच करणार होते. डॉक्टरांनी त्यांना सगळ्या गाड्यांसमोरून फिरवलं आणि माझ्या जीपशी थांबून म्हणाले, “साहेब, तुम्ही हिच्यात बसा. अस्सल आहे. धंद्याचा वारासुद्धा लागलेला नाही.”

साहेब माझ्या शेजारच्या सीटवर बसले. मागं समोरासमोरची दोन बाकडी रिकामी होती. फक्त एका बाकड्यावर गुंडाळलेला कापडी फलक होता.

शिवरे ते कापूरहोळ हे अंतर काही मोठं नाही. तेवढ्यात मी मनात सगळं पाहून घेतलं. मामा चढणार. मागं बसणार, कारण पुढं साहेब. बसल्या बसल्या विचारणार, “पोरी, पायरी कुठं गेली?” मग सांगायला लागणार. मामा एकदा सांगायला लागले की कोंबड्यांची पाटी, हवालदार, टपावरची माणसं, सगळं येणार. साहेब वळून माझ्याकडे बघणार. शिवाय डॉक्टरांनी बजावलं होतं की ओळ मोडायची नाही, पुढं पोलिसांची गाडी आहे. ही सबब मला फार सोयीची वाटली. मी ती घट्ट धरून ठेवली.

कापूरहोळला भोरकडे वळायचं म्हणजे गाडी हळू करावीच लागते. म्हणून मी मामांना नीट पाहिलं. धुतलेला पांढरा सदरा, टोपी, हातात कापडी पिशवी. गॅरेजच्या रांगेपुढं, अगदी रस्त्याच्या कडेला, मान पुढं काढून उभे होते. पिवळी जीप शोधत होते. आमच्या ओळीतल्या पुढच्या गाडीला त्यांनी हात वर करून एक बोट केलं. ती गेली. मग मला एक बोट केलं. त्यांच्यापासून माझी गाडी हातभर अंतरावरून गेली. मी समोर पाहत होते. साहेब म्हणाले, “म्हाताऱ्याला लिफ्ट हवीय वाटतं.” मी म्हणाले, “एसटी येईल आत्ता.”

आरशात ते मागच्या गाडीला बोट करताना दिसले.

भोरला मैदानावर ढोल, लेझीम, रांगोळ्या, सगळा थाट होता. गाड्या ओळीनं लावल्या. शाळेची मुलं बॉनेटवर हात ठेवून फोटो काढत होती. व्यासपीठावरून कुणीतरी सांगत होतं की रस्ता म्हणजे नुसतं डांबर नव्हे, रस्ता माणसांना जोडतो. लोक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. माझा विचार असा होता की मामांना थोड्या वेळानं फोन करू, चुकामूक झाली म्हणू, कुणालातरी आणायला पाठवू. अशा विचारात वेळ बरा जातो.

त्यांचाच फोन आला. “पोरी, कुटवर आलीस? गडबड करू नगंस. जुनी गाडी हाय, दमानं घे.”

त्यांच्या लेखी मी अजून यायचीच होते. शेजारी डॉक्टर आणि साहेब उभे होते. मी म्हणाले, “हो मामा. हो.”

“शेजारी कोन हाय का गं?”

“का हो?”

“न्हाई, हो मामा हो मामा करतीयास म्हनून इचारलं.”

वर्गात मी मुलांचं ‘न्हाई’ सुधारते. घरच्या माणसांशी मात्र तेच बोलते, आणि ‘व्हय’च्या जागी ‘हो’ आलं एवढ्यावरून मामांना कळतं की मी कुठं उभी आहे. आणि खरं सांगायची संधी हातात असताना मी म्हणाले, “मामा, गाडी बंद पडली. शिवऱ्याजवळ.” मला वाटलं, आता म्हणतील बरं, मी घरी जातो.

“आस्सं,” मामा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात एकदम जोर आला. “मंग तू गाडीतच बस. उन्हात हुबी ऱ्हाऊ नगंस. म्या हितनं मिस्त्री घिऊन येतो.”

“अहो, नको, मामा, ऐका.” फोन बंद झाला होता. मी पुन्हा लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कापूरहोळच्या एखाद्या मिस्त्रीच्या मोटारसायकलवर मागं बसून, पिशवी मांडीवर धरून मामा निघाले असणार, वाऱ्यात त्यांना फोन कुठला ऐकू येणार. धड न दिसणारा माणूस महामार्गावरून मला शोधायला निघाला होता. एकटं माणूस रस्त्यावर टाकून जायचं नाही म्हणून. आणि त्या शिवऱ्याच्या रस्त्यावर कुणीच नव्हतं.

मी जीपकडे धावले. किल्ली लावली तेव्हा डॉक्टर आडवे आले. “आता कुठं? परीक्षण सुरू होतंय.”

“मामांना आणायला.”

“ते शेतीवाले मामा?”

“शेतीवाले नाहीत,” मी म्हणाले, आणि एवढ्या मोठ्यानं की आजूबाजूचे वळून पाहू लागले. “वडाप करायचे. ही वडापची गाडी आहे, डॉक्टर. हिच्यात माणसं कोंबून भरलेली असायची. ती पायरी पोत्यांची नव्हती, माणसांची होती.”

डॉक्टरांनी साहेबांकडे पाहिलं. माझी उरलीसुरली अब्रू आता जाणार, एवढंच बाकी होतं. पण साहेब हसले. अगदी मनापासून हसले.

“अहो, वेल्ह्याला माझी पहिली नेमणूक होती,” ते म्हणाले. “वडाप नसतं तर मी कामावर पोचलोच नसतो. मागच्या पायरीवर लटकून गेलोय मी. कुणी सांगावं, याच पायरीवर असेन. मग मामांना बरोबर का नाही घेतलं तुम्ही? त्यांच्याकडून ऐकायला मजा आली असती.”

मी गाडी काढली. ज्या लाजेसाठी मी मामांना रस्त्यावर सोडलं ती लाज कुणालाच वाटत नव्हती. तिची मालकी एकट्या माझी होती. भोर मागं टाकेपर्यंत माईकवरून माझ्या गाडीचा नंबर पुकारलेला ऐकू येत होता.

शिवऱ्यापर्यंत मी कशी गेले ते आठवत नाही. एवढं आठवतं की जाताना मी विचार करत होते, गाडी कुठं उभी करायची, बॉनेट उघडायचं का. म्हणजे तेव्हाही मी खोटंच रचत होते. महामार्गाची दुसरी बाजू म्हणून पुलाखालून वळसा घेतला आणि पुण्याकडून आल्यासारखी आले. मामा आणि मिस्त्री चहाच्या टपरीपाशी उभे होते. मामा टपरीवाल्याला हातांनी जीपचा आकार दाखवत होते. “पिवळ्या रंगाची,” असं म्हणताना मी ऐकलं.

मी उतरून हाक मारली. त्यांनी मान फिरवून मला नळीत धरलं आणि चेहरा उजळला. “आलीस व्हय. चालू झाली?”

“झाली, मामा.”

मिस्त्री मध्यमवयीन माणूस होता, त्यानं पाने-पकडीची पिशवी खांद्यावरून काढली. बॉनेट उघडून आत पाहिलं. “ताई, नेमकं काय झालं व्हतं? हितं तर समदं जागच्या जागी हाय.”

मामाच म्हणाले, “एकांदी वायर हालली आसंल. जुन्या गाडीचं चालायचंच. तू च्या घे.” त्यांनी त्याला चहा पाजला, आपल्यासाठी खोळंबा झाला म्हणून दोनदा सांगितलं आणि वाटेला लावलं.

मग ते जीपपाशी आले. कापडी पिशवीतून त्यांनी नारळ काढला. गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली की चाकापुढं फोडायचा म्हणून पासलीहून आणलेला. सकाळपासून तो त्यांच्या हातात होता. दगडावर फोडला, पाणी चाकावर शिंपडलं, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. दुसरं काय करणार होते. त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला, काचेवरच्या पट्टीवर फिरवला. जिथं अक्षरं होती तिथं हात थोडा रेंगाळला. वाकून मागं पायरी चाचपली. ती नव्हती.

“गुळगुळीत केलीस,” ते म्हणाले. डोळे बारीक करून थोडा वेळ पाहत राहिले. “रंग कंचा हाय ह्यो? हिरवा का काळा?”

“हिरवा, मामा.”

“हिरवा,” ते म्हणाले. आणि मग, “बरा हाय.”

मी त्यांना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं. त्यांनी सवयीनं वळून मागची बाकडी पाहिली. फलकाची गुंडाळी अजून तिथंच होती. बाकी बाकडी सकाळी होती तशीच रिकामी. निघालो. मी म्हणाले, भोरला जाऊ, उत्सव बघू. ते बरं म्हणाले. एरवी रस्ताभर बोलणारा माणूस गप्प होता. आवाज ऐकत असतील इंजिनाचा, अशी मी माझी समजूत घातली. तोही खोटाच आधार, कारण तो आवाज त्यांनी सकाळी ऐकलेला असणार आणि आता तोच पुन्हा ओळखला असणार, हे मला त्याच क्षणी उमजलं. तो घसा बसल्यासारखा आवाज त्यांच्याहून जास्त कुणाच्या ओळखीचा होता?

कापूरहोळला वळणावर गाडी हळू झाली. गॅरेजची रांग आली. मामांनी उजव्या हातानं ती जागा दाखवली.

“सकाळी हितं म्या हुबा व्हतो. लई गाड्या गेल्या जुन्या. येक हिरवी जीप बी गेली. बाई चालवत व्हती वाटतं, नीट दिसलं न्हाई.” त्यांचा आवाज नेहमीचाच होता, त्यात टोमणा नव्हता. “थांबली न्हाई. भरल्याली आसंल.”

वडापच्या रस्त्यावर एवढं म्हटलं की विषय संपतो. उभं राहिलेल्या माणसानं गेलेल्या गाडीला दिलेली ही माफी असते. मला ती घेऊन पुढं जाता आलं असतं. त्यांनी मला वाट करून दिली होती, मिस्त्रीपुढं दिली तशीच. आणि खरं तर मला घ्यायचीही होती, अजूनही कधी कधी वाटतं की घ्यायला हवी होती, म्हाताऱ्या माणसाला तेवढं समाधान तरी राहिलं असतं. पण माझ्याच्यानं ते झालं नाही.

“न्हवती भरल्याली, मामा,” मी म्हणाले. “मागची बाकडी मोकळी व्हती.”

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी झालेली खाचरं होती. मामा सरळ समोर, नळीत दिसेल तेवढा रस्ता पाहत होते. हात गुडघ्यावर होता. त्यातलं एक बोट त्यांनी थोडं वर उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

“म्या एकच बोट केलं व्हतं गं,” ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांपुढचा रस्ता मलाही नीट दिसेना. गाडी गुरगुरायला लागली तशी त्यांनी गिअरच्या दांड्याकडे हात केला.

“दुसरा टाक,” ते म्हणाले. “म्होरं चढ हाय.”

मी दुसरा टाकला.